नटाचे घराणे आणि घरचा पाना



खेड्यातल्या घरापुढे पूर्वी ज्या जागी बैलजोडी बांधलेली असे, त्या जागी आज बहुधा मोटारसायकल उभी दिसते. दूध डेअरीला न्यायचे, पोराला तालुक्याच्या शाळेत सोडायचे, रात्री-अपरात्री आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे, ही सारी कामे आता तीच करते. बैलाची निगा मात्र घरचा माणूस राखीत असे. खरारा, वैरण, पाणी, गाडीच्या आखाला वंगण ही कामे घरची. बाहेरून यायचा तो फक्त नाल मारणारा. मोटारसायकलीचे तसे नाही. साखळी थोडी सैल झाली, तरी आपण ती दहा मैलांवरच्या गॅरेजात नेतो, दिवस मोडतो आणि पैसेही मोजतो.

मग एखाद्याच्या मनात येते, की चार हत्यारे घरी आणावीत आणि किरकोळ कामे आपली आपण करावीत. विचार चांगला आहे. पण आणायचे काय? त्याचीच गोष्ट आज आपणांस सांगायची आहे. आणि ती सांगताना थोडा इतिहास सांगावा लागणार आहे, कारण हत्यारांची निवड आणि इतिहास यांचा संबंध वाटतो त्याहून फार जवळचा आहे. तो मला कसा कळला, ते आधी सांगतो.

मी खेड्यात शिक्षक असताना एका निवृत्त लष्करी गृहस्थांकडून जुनी बुलेट विकत घेतली. लगोलग बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊन हत्यारांची एक पेटीही घेतली. पेटी मोठी झोकदार होती. आत पाने, गोट्या, स्क्रू ड्रायव्हर असे शंभरावर नग चकाकत होते. रविवारी सकाळी अंगणात गोणपाट अंथरून मी इंजिनाच्या बाजूचा एक नट सोडवू लागलो. तेरा मिलिमीटरचा पाना लावला, तो नटावर चढेना. चौदाचा लावला, तो चढला. पण थोडा सैल होता. म्हटले, चालेल. जोर केला. पाना गर्रकन फिरला, माझी बोटे इंजिनाच्या पंखांवर आपटली आणि नटाचे सहाही कोपरे गोल झाले. नट होता तिथेच राहिला.

शेवटी गाडी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी नटाकडे पाहिले, माझ्या बोटांकडे पाहिले आणि म्हणाले, “गुरुजी, पाना लावायच्या आधी नटाचं घराणं विचारलंत का?”

मी म्हटले, “नटाला कसलं घराणं?”

“असतं तर! हा विलायती नट. तुमचा पाना मिलिमीटरचा. सोयरीक जमायची कशी?” असे म्हणून त्यांनी भिंतीवरचा एक काळा पडलेला पाना काढला. त्यावर 1/4 असे कोरलेले होते. मला वाटले, पाव इंची पाना या एवढ्या नटाला कसा बसणार? पण तो असा बसला, जसे डब्याला त्याचेच झाकण. नट गोल झालेला, तरी त्यांनी तो छिन्नीचा एक हलका ठोका देऊन, मग त्याच पान्याने सोडवला.

त्या दिवशी दोन प्रश्न घेऊन मी घरी आलो. नटाला घराणे असते म्हणजे काय? आणि पाव इंच लिहिलेला पाना अर्ध्या इंचाहून मोठ्या नटाला कसा बसतो? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता मी शे-दोनशे वर्षे मागे जाऊन पोचलो.

मंडळी, नट आणि बोल्ट यांवर जे गोल फिरत जाणारे खाचे असतात, त्यांना आपण आटे म्हणतो. पूर्वी हे आटे प्रत्येक कारागीर आपल्या अंदाजाने पाडीत असे. एका लोहाराचा बोल्ट दुसऱ्या लोहाराच्या नटात जाईलच, असा नेम नव्हता. इंग्लंडसारख्या यंत्रांच्या देशातही तीच तऱ्हा होती. नट आणि बोल्ट जोडीनेच घडवायचे आणि जोडीनेच जपायचे. यंत्र उघडल्यावर कोणता नट कोणत्या बोल्टचा, याची खूण करून ठेवावी लागे. एक नट हरवला, तर त्यासाठी मूळ कारखान्याकडे जावे लागे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हेन्री मॉडस्ली या कुशल कारागिराने अचूक आटे पाडणारा लेथ तयार केला. त्यामुळे एका कारखान्यातले आटे सारखे येऊ लागले. पण कारखान्याकारखान्यांत मेळ नव्हताच. मॉडस्लीच्या हाताखाली काम केलेला जोसेफ व्हिटवर्थ पुढे मँचेस्टरला गेला आणि त्याने तिथे स्वतःचा कारखाना काढला. त्याने एक साधी गोष्ट केली. निरनिराळ्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांचे आटे मोजले आणि साऱ्यांचा मध्य काढला. आट्यांचा कोन 55 अंशांचा असावा आणि अमुक जाडीच्या बोल्टला इंचात अमुकच आटे असावेत, असे कोष्टक त्याने 1841 साली लंडनच्या इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडले.

शिक्षकबंधूंनो, इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्हिटवर्थने नवे यंत्र शोधले म्हणून ही क्रांती झाली नाही. सर्वांनी एकच माप मानावे, एवढेच त्याचे म्हणणे. पण त्याचे फळ पुढे क्रिमियाच्या युद्धात दिसले. 1853 ते 1856 या काळातल्या त्या युद्धात इंग्लंडला लढाऊ बोटींसाठी सुमारे नव्वद इंजिने तातडीने हवी होती. ती कामे अनेक कारखान्यांत वाटून दिली गेली आणि सुमारे नव्वद दिवसांत इंजिने उभी राहिली. एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या भागाला बसला, कारण आटे एकाच कोष्टकाचे होते.

आपल्या देशात मुंबई ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली ती याच सुमारास, 16 एप्रिल 1853 रोजी. पुढे विलायतेहून आगगाडीची इंजिने आली, गिरण्यांची यंत्रे आली, पाणी ओढणारी इंजिने आली. त्यांबरोबर इंची मापाचे नट, बोल्ट आणि पानेही आले. आपल्या जुन्या मिस्त्री लोकांच्या तोंडी सूत, दोन सूत, पाव इंच ही भाषा बसली, ती अशा रीतीने.

आता मिस्त्रींच्या त्या काळ्या पान्याचे कोडे सोडवू. व्हिटवर्थच्या पद्धतीत पान्यावर जो आकडा असतो, तो पान्याच्या तोंडाचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. पाव इंच जाडीच्या व्हिटवर्थ बोल्टचा नट ज्या पान्यात बसतो, त्या पान्यावर 1/4 लिहायचे. त्या पान्याचे तोंड मोजले, तर ते सुमारे 0.525 इंच, म्हणजे 13.3 मिलिमीटर भरते. माझा तेराचा पाना नटावर का चढला नाही आणि चौदाचा का घसरला, हे आता आपल्या ध्यानात आले असेल. चुकले होते ते पाऊण मिलिमीटरहूनही कमी. तेवढ्यात नट गेला आणि बोटेही सोलली.

पण घराणे एवढ्यावरच थांबत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने 1864 साली वेगळे आटे सुचवले. त्यांचा कोन 60 अंशांचा होता आणि ते साध्या कारागिराला पाडायला सोपे होते. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचात 12 आटे, तर तेवढ्याच अमेरिकन बोल्टला 13. दिसायला दोन्ही सख्खे भाऊ. पण एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे जातो आणि अडकतो. युरोपातल्या मिलिमीटर वापरणाऱ्या देशांनी 1898 साली स्वित्झर्लंडमध्ये झुरिक येथे जमून आपले तिसरे कोष्टक ठरवले. सायकलींसाठी इंग्लंडमध्ये 1902 साली आणखी एक कोष्टक निघाले, इंचाला 26 बारीक आट्यांचे. पहिल्या मोटारसायकली म्हणजे इंजिन बसवलेल्या सायकलीच होत्या. तेव्हा हे सायकलीचे आटे मोटारसायकलीच्या अंगातही उतरले.

याचा जाच दुसऱ्या महायुद्धात फार झाला. इंग्लंड आणि अमेरिका एका बाजूने लढत होते, पण एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या यंत्राला बसत नव्हता. रणगाडा, विमान, ट्रक दुरुस्त करायचा तर दोन्ही घराण्यांचा साठा जवळ बाळगावा लागे. तो धडा शिकून 1948 च्या नोव्हेंबरात अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडा यांनी एक सामाईक इंची कोष्टक मान्य केले. दरम्यान 1947 साली सर्व राष्ट्रांची मानके ठरवणारी संस्था निघाली, आणि त्याच साली आपल्या देशातही भारतीय मानक संस्था स्थापन झाली. आपल्याकडे दशमान नाणी आली 1 एप्रिल 1957 रोजी. मेट्रिक वजनमापांचा कायदा 1956 चा आणि त्याचा अंमल 1 ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्याने. शेर जाऊन किलो आला, मैल जाऊन किलोमीटर आला, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्याच वाटेने नट-बोल्टही हळूहळू मिलिमीटरवर आले. पण माणूस वजनाचे माप बदलतो तसे जुन्या यंत्राचे आटे बदलता येत नाहीत. यंत्र असेल तोवर त्याचे घराणे राहते.

आता मोटारसायकलीकडे वळू. 1885 साली जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर पेट्रोलचे इंजिन बसवले. तीच मोटारसायकलीची पणजी. त्यानंतर तीन वर्षांनी, 1888 च्या ऑगस्टमध्ये, बर्था बेंझ ही धीट बाई नवऱ्याची तीनचाकी मोटार घेऊन दोन मुलांसह मानहाइम गावाहून फोर्ट्सहाइमला आपल्या माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे जास्त. वाटेत गॅरेज नव्हतेच, कारण जगात मोटारी तेव्हा अगदी थोड्या. पेट्रोलची नळी तुंबली, तेव्हा तिने टोपीच्या पिनेने ती साफ केली. ठिणगीच्या तारेला गुंडाळायला मोज्याचा पट्टा वापरला. इंधन औषधाच्या दुकानातून घेतले, साखळी लोहाराकडून नीट करून घेतली आणि ब्रेकला चांभाराकडून कातडे ठोकून घेतले. म्हणजे मोटारीचा पहिला मिस्त्री कोण म्हणाल, तर घरची बाई, आणि तिचे मदतनीस गावचे कारागीर! घरच्या घरी दुरुस्ती ही नवी फॅशन नाही. मोटारीइतकीच जुनी चाल आहे.

आपल्या देशात मोटारसायकलींची मुख्यतः तीन घराणी नांदली. पहिले विलायती. इंग्लंडच्या रॉयल एनफील्डची बुलेट 1955 पासून मद्रासला जुळवली जाऊ लागली आणि पुढे तिचे सारे भाग इथेच होऊ लागले. लष्करात, पोलिसात आणि मग गावच्या पाटलांच्या दारात ती दिसू लागली. जुन्या बुलेटचे बहुतेक आटे इंची. पुढे पुढे मिलिमीटरचे आटे आले. त्यामुळे एकाच गाडीवर दोन्ही घराणी सापडतात. आणि आधीच्या मालकाने हाताला लागला तो बोल्ट ठोकून बसवला असेल, तर तिसरेही. गंमत पाहा, या इंची इंजिनात जो प्लग बसतो त्याचे आटे मात्र 14 मिलिमीटरचे. प्लगचे माप साऱ्या जगाने लवकर एक केले, म्हणून.

दुसरे घराणे मध्य युरोपचे. 1960 च्या सुमारास म्हैसूरला झेकोस्लोव्हाकियाची जावा तयार होऊ लागली. तीच पुढे येझदी झाली. 1962 च्या सुमारास पोलंडच्या नमुन्यावरून राजदूत आली आणि दूधवाल्यांची लाडकी झाली. ही दोन्ही मिलिमीटरची. तिसरे घराणे जपानचे. 1984 ते 1986 या दोन-तीन वर्षांत सुझुकी, होंडा, यामाहा आणि कावासाकी या चारही जपानी कंपन्यांशी करार करून आपल्याकडे शंभर सीसीच्या हलक्या मोटारसायकली निघाल्या. त्यांतली कावासाकी आपल्या पुण्याच्या बजाजबरोबर आली. आज खेड्यात दिसणाऱ्या बहुतेक गाड्या या तिसऱ्या घराण्याच्या किंवा तिच्या वळणावर इथेच घडलेल्या आहेत.

आपण म्हणाल, दुसरे आणि तिसरे दोन्ही मिलिमीटरचे, मग प्रश्न मिटला. मिटला नाही, बरं का! आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे डोके जपानी रीतीने 12 मिलिमीटरचे असते आणि युरोपच्या रीतीने 13 चे. दहा मिलिमीटरच्या बोल्टचे डोके जपानी 14, तर जुने युरोपीय 17. म्हणून जपानी वळणाच्या गाडीच्या मालकाने 8, 10, 12, 14, 17 आणि 19 एवढे सहा पाने घेतले, तर त्याचे बहुतेक काम भागते. दुसऱ्याला 13 वाचून चालत नाही. पेटीत शंभर नग असण्यापेक्षा आपल्या गाडीचे सहा पाने खरे, ते यासाठी.

तेव्हा पहिला नियम हा, की हत्यार घेण्यापूर्वी गाडीची कुळी जाणून घ्यावी. गाडीबरोबर कंपनीचे छापील पुस्तक मिळते. बहुतेक घरांत ते विम्याच्या कागदांबरोबर पडून असते. ते काढा आणि वाचा. गाडी जुनी असेल, तर नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर मोजा. शाळेच्या प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपर असतो. तो मुलांकडून उपयोगात आणण्याची याहून चांगली संधी कोणती? आट्यांची परीक्षा तर विनाखर्चाची आहे. ज्याचे घराणे ठाऊक आहे असा बोल्ट आणि ज्याचे ठाऊक नाही असा बोल्ट, दोघांचे आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला नाही, तर दोघे एका कुळीचे. फट दिसली, तर सोयरीक करू नका. 5/16 इंचाचा बोल्ट 7.94 मिलिमीटरचा असतो. आठ मिलिमीटरच्या बोल्टशेजारी ठेवला, तर भल्याभल्यांना फरक दिसत नाही. पण मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टचे आटे 1.25 मिलिमीटर अंतरावर, आणि इंची बारीक आट्यांच्या बोल्टचे सुमारे 1.15 वर. जोराने पिळला तर तो जातो. पण इंजिनाच्या अॅल्युमिनियममधले आटे खाऊन जातो. ती जखम मग महाग पडते.

आता पान्यांची जात पाहू. दोन्ही टोकांना उघडे तोंड असलेला साधा पाना आपण सारे जाणतो. त्याचे तोंड दांड्याला सरळ नसून पंधरा अंशांनी कललेले असते, हे किती जणांनी पाहिले आहे? अडचणीच्या जागी पाना पुरता फिरत नाही. थोडा फिरवायचा, काढायचा, उलटा करून पुन्हा लावायचा; मग तीस अंशांच्या जागेतही नट सुटत जातो. तो कल म्हणजे घडवणाऱ्याची चूक नव्हे, कारागिरांच्या अनुभवाचा ठेवा आहे. तसेच लहान पान्याचा दांडा आखूड आणि मोठ्याचा लांब का? लहान नटावर जास्त जोर पडू नये म्हणून. दांड्याला नळी घालून जोर वाढवणारे लोक हा संकेत मोडतात आणि बोल्ट तोडून बसतात.

उघडा पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो. रिंग पाना चहूबाजूंनी धरतो. म्हणून घट्ट नट सोडवताना आधी रिंग पाना, आणि सैल झाल्यावर भरभर फिरवायला उघडा पाना, अशी रीत आहे. एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला उघडे तोंड असलेला जोडपाना घेतला, तर एका पैशात दोन कामे होतात. गोटीपान्याचीही एक कथा आहे. 1920 साली अमेरिकेत जोसेफ जॉन्सन नावाच्या माणसाने पाच दांडे आणि दहा गोट्या असा संच विकायला काढला. कोणतीही गोटी कोणत्याही दांड्याला बसे. म्हणजे पंधरा नगांत पन्नास पान्यांचे काम. घरच्या कामाला मात्र चार-पाच गोट्या, एक दांडा आणि प्लगचा पाना एवढे पुरे.

लहानमोठा होणारा स्क्रूचा पाना स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन याच्या नावावर आहे. 1892 चे ते पेटंट. नळाच्या कामाला तो चांगला. मोटारसायकलीला मात्र तो पाहुणा समजावा. त्याचा जबडा कितीही आवळला तरी किंचित ढिला राहतो आणि नटाचे कोपरे खातो. पकडीने नट सोडवणे तर सोडूनच द्या. तिचे काम तार वाकवणे आणि पिना काढणे.

स्क्रू ड्रायव्हर, ज्याला काही भागांत डिसमिस म्हणतात, त्याच्यातही घराणी आहेत. फुलीच्या खाचेचा स्क्रू 1930 नंतरच्या काळात अमेरिकेत हेन्री फिलिप्सने चालवला. मोटारीच्या कारखान्यात तो झपाट्याने बसवता येई आणि जोर फार झाला की ड्रायव्हर आपोआप खाचेतून वर सरके. जपानने पुढे आपली फुली थोडी वेगळी केली. वरून पाहिले तर दोन्ही सारख्या. पण जपानी वळणाच्या गाडीच्या स्क्रूला फिलिप्सचा ड्रायव्हर तळापर्यंत बसत नाही. तो घसरतो आणि फुलीची वाटी होते. कित्येक गाड्यांच्या इंजिनाच्या झाकणावर असे वाट्या झालेले स्क्रू आपण पाहिले असतील. पुष्कळदा जपानी स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. ती खूण ओळखावी आणि त्याच जातीचा ड्रायव्हर मागावा. स्क्रू गंजून धरला असेल, तर हातोडीच्या ठोक्याबरोबर फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो. पाच-सात घरांत मिळून तो एक घेतला तरी चालेल.

यानंतर मोजण्याची हत्यारे. लोक ती शेवटी घेतात. माझ्या मते ती आधी घ्यावीत. टायरची हवा मोजणारे गेज, अंतर मोजणाऱ्या पातळ पत्र्यांचे फीलर गेज आणि एक पोलादी पट्टी. साखळी दोन्ही दातेरी चाकांच्या मध्यावर बोटाने वर-खाली करून पाहावी. लहान गाड्यांना साधारण दोन-तीन सेंटिमीटर ढील लागतो; नेमका आकडा पुस्तकात असतो. ती फार ताणली तर बेअरिंग खाते, फार सैल ठेवली तर दात खाते. ज्या जुन्या बुलेटला पॉइंट आहेत, त्यांतले अंतर मिलिमीटरच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाएवढे, 0.35 ते 0.40. डोळ्याने ते समजत नाही, पत्र्याने समजते. पण त्याच बुलेटच्या जुन्या इंजिनात टॅपेट जुळवताना मिस्त्री कोणतेच गेज घेत नाहीत. इंजिन गार असताना आतली काठी बोटांनी सहज फिरली पाहिजे आणि वर-खाली हलता कामा नये, एवढीच परीक्षा. काही ठिकाणी बोट हेच गेज असते. कुठे पत्रा आणि कुठे बोट, हे कळणे म्हणजे कारागिरी.

नट किती आवळायचा, हे मोजणारा टॉर्क पाना म्हणजे थोडी चैन आहे, पण व्यर्थ नव्हे. अॅल्युमिनियममधले आटे पोलादापेक्षा मऊ असतात आणि हाताचा अंदाज प्रत्येकाचा निराळा. गावातल्या दहा जणांनी, किंवा शाळेच्या कार्यशाळेने, तो एक घेऊन ठेवावा. पूर्वी गूळ करायची काहील दहा शेतकऱ्यांत एक असे, तशातलीच ही गोष्ट.

बाकी उरले ते घरातलेच. स्क्रू आणि वॉशर ठेवायला एक जुनी परात, लाकडाची हातोडी, चिंध्या, चांगला दिवा आणि गाडी सरळ उभी राहील अशी टणक जमीन. पेट्रोलचे काम उघड्यावर करावे. जवळ चूल, विडी, कंदील नको. हात पेट्रोलने धुऊ नयेत.

आणि एक हद्द सांगतो, ती ओलांडू नका. तेल बदलणे, साखळी, प्लग, हवा गाळणारी जाळी, केबलींना तेल ही घरची कामे. ब्रेकचे काम एखाद्या जाणत्या माणसाजवळ बसून शिकल्याखेरीज करू नये. ते चुकले, तर त्याचा दंड पैशांत भरून भागत नाही. 1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे नवे नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांतला कार्बुरेटर जाऊन विजेवर चालणारी इंधनाची पिचकारी आली. ती उघडू नये. तिची दुरुस्ती पान्याने होत नाही, तिला तपासणीचे वेगळे यंत्र लागते.

आता शेवटचे, विशेषतः शिक्षकांसाठी. आपल्या शाळेत मुले कोन शिकतात, मिलिमीटर शिकतात, औद्योगिक क्रांतीही शिकतात. तिन्ही गोष्टी तीन पुस्तकांत असतात आणि परीक्षा झाली की विसरल्या जातात. एखाद्या शनिवारी वर्गात दोन बोल्ट घेऊन जा. मुलांना त्यांचे आटे मोजू द्या, दोन्ही उजेडासमोर धरू द्या. मग त्यांना विचारा, “हे दोघे एकमेकांच्या नटात का जात नाहीत?” त्या एका प्रश्नातून मँचेस्टर येईल, क्रिमिया येईल, झुरिक येईल आणि 1958 सालचा आपला मेट्रिक मापांचा बदलही येईल. त्यांतल्या एखाद्या मुलाच्या घरी उद्या मोटारसायकल असेल. तो नटावर पाना ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबला, तर आपली मेहनत फळाला आली.

माझ्या त्या शंभर नगांच्या पेटीतले नव्वद नग अजून कोरे आहेत. जे दहा वापरतो, त्यांत मिस्त्रींनी जाताना दिलेला 1/4 आकड्याचा काळा पाना आहे. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, “गुरुजी, पाना राहू द्या. फक्त एवढं करा, बसत नसेल तर जोर करू नका. विचारा, का बसत नाही.”